डांगराचा पहिला घाव

आमच्याकडे बाई अख्ख्या डांगराला पहिलं पातं लावत नाही. बाकीचे लोक ज्याला लाल भोपळा म्हणतात त्याला खानदेशात डांगर म्हणतात, आणि ते केवढंही असो, पहिला घाव पुरुषाने घालायचा. एकदा त्याच्या दोन फाका झाल्या की बाई मोकळी. मग तिने फोडी कराव्या, किसावं, वाफवावं, काही करावं. का, ते कोणी धड सांगत नाही. कोणी म्हणतं, डांगर म्हणजे घरातला थोरला मुलगा, त्याच्यावर आईने हत्यार कसं धरावं. कोणी म्हणतं, तो बळीचा मान आहे. माझ्या आईला विचारलं तर ती म्हणायची, तू काप आणि बाजूला हो.

स्वयंपाकघरात पुरुषाच्या वाट्याला मानाचं असं हे एकच काम, आणि तेही वर्षातून दोन-चार वेळा. भादव्यात वेलावरची डांगरं तयार होतात, पितरांना लागतात, आश्विनात घारग्यांना लागतात, उरलेली माळ्यावर जातात. एरवी ज्याला चहाही धड करता येत नाही अशा माझ्यासारख्याला या दोन महिन्यांत घरात भाव असतो.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. जामनेरच्या घरात आई आणि मी. छपरावरचं डांगर उतरलं की आई कोयता माझ्या हातात द्यायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, पोर आहे, बोट कापून घेईल, आमच्यातल्या कोणाला तरी बोलव. आई म्हणायची, घरात पुरुष असताना दुसऱ्याला कशाला बोलवू. माझी उंची तेव्हा चुलीपेक्षा फार जास्त नसेल, पण ते वाक्य मी छातीवर मिरवतच मोठा झालो. म्हणून पुढे जे झालं ते मला इतकं का झोंबलं हे लोकांना कळत नाही. लोक म्हणतील, एका भोपळ्यासाठी एवढं. त्यांनी म्हणावं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला शाळामास्तर होतो. आई गेली होती, लग्न झालेलं होतं, आणि एका लांबलचक ओळीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहत होतो. बायको धुळ्याकडची, साक्रीच्या अलीकडच्या एका खेड्यातली. बाहेर ती माझ्यासारखं बोलायची, घरात मात्र तिची अहिराणी चालायची, आणि मला ती ऐकायला आवडायची. डांगर तर तिच्या हातचंच खावं. लोखंडी कढईत शेंगदाण्याचं तेल तापलं की मेथीदाणे टाकायची आणि ते लाल होईपर्यंत हलायची नाही. मग ठेचलेला लसूण, सुकी मिरची, आणि सालासकट फोडी. पाण्याचा थेंब नाही. वर ताटलीत पाणी ठेवून नुसत्या वाफेवर शिजवायची. शेवटी दाण्याचा कूट आणि गुळाचा एक खडा. ज्वारीत उडीद दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीबरोबर ती भाजी खाताना मी बोलत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी कापलेलं डांगर आतून पांढरट निघालं. भाजी पाणचट झाली. दुसऱ्या वर्षी मी घाव घातला तर आत बियांना मोड आलेले, दोऱ्यासारखे लांब, आणि गर कडवट. ते फेकावं लागलं. त्याच आश्विनात आमचं पहिलं मूल पोटातच गेलं.

सासूबाई धुळ्याहून आल्या, महिनाभर राहिल्या. मायलेकी चुलीपाशी बसून हळू आवाजात बोलायच्या. मी आत गेलो की गप्प व्हायच्या आणि एकदा दोघींनी एकाच वेळी माझ्या हातांकडे पाहिलं. मी तेव्हा पाणी प्यायला तांब्या उचलत होतो. मी तांब्या ठेवून बाहेर गेलो. काय बोलतात ते विचारायचं धैर्य मला झालं नाही.

पुढचं वर्ष आलं, भादवा आला. एका दुपारी शाळेतून घरी येतो तर घरभर मेथीदाण्याचा आणि लसणाचा वास. पान वाढलेलं. केशरी, तुकतुकीत भाजी, प्रत्येक फोड अखंड आणि जिभेवर ठेवली की विरघळणारी. मी तिसरी भाकरी मागून घेतली. म्हटलं, डांगर कुठून आणलंस, साखर आहे साखर. ती म्हणाली, कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून. मग माझ्या लक्षात आलं की मी तर सकाळपासून शाळेत होतो. कापलं कोणी, मी विचारलं.

तिने भाकरी उलटली आणि तव्याकडे बघतच सांगितलं, शेजारच्या भाऊंनी.

घास माझ्या तोंडात फिरायला लागला. चांगली लागलेली भाजी एका क्षणात चांगली लागायची थांबली असं नाही, ती चांगलीच लागत होती, आणि तेच तर दुःख होतं.

हे शेजारचे भाऊ बाजार समितीच्या आवारात मापाडी होते. दिवसभर काट्यापाशी उभं राहून पोत्यांची वजनं पुकारायची, त्यामुळे घरातही त्यांचा आवाज तीन घरं ऐकू जायचा. पंचेचाळिशीचा गडी, चार मुलगे, चौघंही धडधाकट. आणि त्यांना हातगुण होता. म्हणजे ते ज्याला हात लावतील ते फळायचं, असं सगळ्या गल्लीचं म्हणणं. त्यांनी सहज खोचलेली कढीपत्त्याची काडी वाढून भिंतीवरून आमच्या बाजूला आली होती. कोणी म्हैस घेतली की तिची दोरी पहिल्यांदा भाऊंनी धरायची. कोणी नवीन चूल घातली की पहिली काडी भाऊंनी लावायची. आणि माणूस इतका साधा की या सगळ्याचा त्याला पत्ता नसल्यासारखा. बोलावलं की यायचा, हात लावायचा, चहा प्यायचा, जायचा. तो जरा आढ्यताखोर असता तर त्याचा मत्सर करणं मला किती सोपं गेलं असतं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत राहिला. तिला माझा हात अपशकुनी वाटतो. दोन डांगरं वाईट निघाली, मूल गेलं, आणि तिने मनातल्या मनात हिशेब लावला. तोंडाने बोलली असती तर मी भांडलो असतो. पण ती बोलत नव्हती, ती गपचूप डांगर उचलून शेजारी नेत होती. नवऱ्याच्या हातात गुण नाही असं ज्या बाईला वाटतं, तिला त्या नवऱ्याचं दुसरं काय बरं वाटणार? मी तिला पाणी दिलं तरी ती ते कसं घेते हे मी बघू लागलो.

मग मी ठरवलं की डांगरच असं आणायचं की ते कोणीही कापलं तरी गोड निघेल, आणि ते मी कापायचं. रविवारी मुद्दाम जामनेरला गेलो. तिथल्या बाजारात ओळखीच्या बागवानाकडून वाजवून, देठ बघून, नखाने साल टोकरून एक डांगर घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून जळगावला आणलं. तिने ते बघितलं, हरखली. किती सुरेख शे, म्हणाली. मी कोयता शोधायला आत गेलो. कोयता जागेवर नव्हता. बाहेर येऊन बघतो तर ती डांगर पदराखाली झाकून शेजारच्या ओट्यावर पोचलेली.

मी दारात उभा राहून सगळं पाहिलं. भाऊ हात धुऊन आले. कोयत्याचं पातं धोतराच्या सोग्याला पुसलं, डांगराला हात लावून कपाळाला लावला आणि एकाच घावात ते दुभंगलं. आत असा रंग की सूर्य मावळतीला लागल्यासारखा. ओट्यावरच्या दोघी-तिघी बाया वाहवा करायला लागल्या. भाऊंची बायको, जिला सगळे अक्का म्हणायचे, ती तर माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली की गुरुजींनी निवडलं छान. निवडलं छान. म्हणजे मी हमाल आणि ते मानकरी.

त्या डांगराचे तिने घारगे केले. गर किसून गुळात शिजवला, त्यात मावेल तेवढंच गव्हाचं पीठ, आणि पानावर थापून तेलात सोडले. फुगून वर आले. मी हट्टाने खाल्ले नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यातून शाळेत नेले आणि तिथे सगळे एकट्याने खाल्ले.

आता पितर आले. माझ्या वडिलांची तिथी. धुळ्याहून सासऱ्यांनी पोत्यात बांधून डांगर पाठवलं होतं. पारोळा, एरंडोल करत ते एसटीच्या टपावरून आलं आणि मी ते स्टँडवरून खांद्यावर घेऊन घरी आणलं. खाली ठेवता ठेवताच सांगितलं, हे मात्र मी कापणार. बाकीची डांगरं गेली उडत. हे माझ्या बापाच्या पानात जाणार आहे.

ती नको म्हणाली. आधी हळू म्हणाली, मग स्पष्ट. मी कारण विचारलं, तिने दिलं नाही. मी आवाज चढवला. माझ्या आईने मला या कामाला कसं लावलं होतं ते ऐकवलं, माझ्याच बापाच्या पितराला शेजारचा माणूस घाव घालणार का म्हणून विचारलं, आणखीही काय काय बोललो. ती पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती तसूभर हलली नाही.

"तुम्ही डांगरले हात लावू नका," ती म्हणाली. "तुमले मन्ही आन शे."

आपली शपथ घातली तिने मला. आता काही बोलायचं राहिलं नाही. माझ्या हाताविषयी तिचं काय मत आहे ते मला लख्ख समजलं, असं मला वाटलं.

वर आणखी एक झालं. पितर म्हणून दरवर्षी ज्या म्हाताऱ्यांना आम्ही जेवायला बसवायचो, त्यांना हिवताप भरला. पितराच्या पानावर बसणारा माणूस म्हणजे त्या दिवसापुरता आपला गेलेला बाप. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, त्याला पोटभर जेवू घालायचं. ऐन वेळी दुसरं कोणाला बोलवायचं? बायकोने सुचवलं, शेजारच्या भाऊंना. मी नाही म्हणायला कारण शोधत होतो, तोवर ती सांगूनही आली.

सकाळी ती सडा टाकून नळावर गेली. डांगर कोपऱ्यात होतं, पोत्यावर. पेन्सिली तासायचा माझा चाकू खिशात होता. मी काही विचार केला नाही. टरबूजवाले गिऱ्हाइकाला दाखवायला जसा तिकोनी टवका काढतात तसा डांगराच्या बुडाशी एक टवका कापला, बाहेर ओढला, आतला केशरी गर डोळे भरून पाहिला आणि टवका पुन्हा जागच्या जागी बसवला. रेघेवर ओली कणीक चोपडली, वरून चुलीतली राख लावली. डांगर त्या बाजूला टेकवून ठेवलं. शपथ हात न लावण्याची होती आणि माझा हात चाकूला होता, असं मी स्वतःला समजावलं. घरातल्या पुरुषाने पहिला घाव घातला होता. आता भाऊंनी सगळ्या गल्लीला बोलावून कापलं तरी ते दुसरेच.

भाऊ आले. बायको त्यांच्या पाठीशी उभी, मी समोर, दाराबाहेर गल्लीतल्या चार बाया. त्यांनी नेहमीसारखं पातं पुसलं, कपाळाला हात लावला, घाव घातला. दोन्ही फाका आडव्या पडल्या आणि त्यातल्या एकीच्या बुडातून माझा टवका सुटून त्यांच्या पायाशी आला. भाऊंनी तो उचलला. त्याच्या तीन सरळ कडा पाहिल्या, कडेची राख पाहिली, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बायको मागून पुढे येत होती. त्यांनी मूठ झाकली, खाली वाकून टवका फाकेत सारला आणि त्यावरूनच कोयता चालवून चार फोडी केल्या. डांगर झकास शे, एवढंच बोलले.

हा उपकार मला त्यांच्या हातगुणापेक्षाही जास्त बोचला.

पितराचा स्वयंपाक झाला. उडदाचे वडे, खीर, कढी, आणि डांगराची बिनलसणाची भाजी. मी निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी दिली, आणि मग त्या माणसाचे पाय धुतले. वहाणांचे वळ उठलेले मोठे पाय. ते संकोचून पाय मागे घेत होते आणि मी ते पुढे ओढून धूत होतो. कपाळाला गंध लावताना आमचे चेहरे इतके जवळ आले की मी खाली बघितलं. ते जेवले. बायकोने भाजी पुन्हा पुन्हा वाढली.

मग आम्ही जेवलो. आयुष्यात मी खाल्लेली ती सगळ्यात चांगली डांगराची भाजी. गर लोण्यासारखा, गुळाची गरज नव्हती एवढी अंगची गोडी. अक्का वाटी घेऊन गेली होती ती पुन्हा वाटी घेऊन आली. म्हणाली, आमच्या ह्यांचा हात लागला की असंच होतं. बायकोने मान डोलावली. मी खाली मान घालून भात कालवत होतो आणि आतून उकळत होतो. हात माझा होता. पहिलं पातं माझं होतं. माझ्या हातात गुण आहे की नाही, बघा, खा, अजून घ्या, असं ओरडून सांगावं असं वाटत होतं. जिंकलेला माणूस एवढा जळत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दिवेलागणीपर्यंत मी कसाबसा कळ काढली. भांडी झाली, ती चुलीपाशी येऊन बसली. मी तिच्यासमोर बसलो. सगळं सांगायचं ठरवून बसलो होतो, शपथ मोडली तर मोडली, पण माझ्या हाताचा निकाल लागायला हवा होता. मी घसा साफ केला. तिला वाटलं मी डांगरावरून झालेल्या भांडणाचं बोलणार, म्हणून तीच आधी बोलली.

तिला दिवस गेले होते. तिसरा महिना सरत आला होता. मागच्या वेळी सगळ्यांना लवकर सांगितलं आणि दृष्ट लागली असं तिच्या आईचं म्हणणं, म्हणून या वेळी तिने मलाही सांगितलं नव्हतं. आता मागे वळून बघतो तर मला कळायला हवं होतं. दर महिन्याला चार दिवस ती बाजूला बसायची आणि वेड्यावाकड्या भाकऱ्या थापायची पाळी माझ्यावर यायची. ती पाळी कितीतरी दिवसांत आली नव्हती. पण माझं सगळं लक्ष शेजारच्या ओट्यावर होतं. मत्सराने आंधळा होतो म्हणतात तो असा.

मग तिने डांगराचं सांगितलं. तिच्या आईने तिला बजावलं होतं की बाई गरोदर असली की तिच्या नवऱ्याने डांगर कापू नये. पोटातल्या जिवाला घाव पोचतो.

"मांगला साले मन्हा पोटमा व्हतं, तधय तुम्ही डांगर कापं," ती म्हणाली. "म्हनीसन यंदा तुमले कापू दिधं नही. तुमना हातले काही वाईट नही शे."

माझा हात वाईट नव्हता. इतके दिवस मी ज्या वाक्यासाठी तडफडत होतो ते तिने आपणहून म्हटलं होतं, आणि मला ते नीट ऐकूही आलं नाही. मी तिच्या पोटाकडे बघत होतो. खिशातला चाकू मांडीला टोचत होता. तिने विचारलं, तुम्ही काय सांगणार होतात. मी म्हणालो, काही नाही, भाजी छान झाली होती.

मी शिकलेला माणूस. शाळेत मुलांना ग्रहण कसं होतं ते मातीचे गोळे फिरवून शिकवायचो आणि ग्रहण पाळणाऱ्या त्यांच्या आज्यांवर त्यांना हसवायचो. दिवसा मला हे सगळं थोतांड वाटायचं. पण तिला जरा उचकी लागली, जरा पाठ धरली, की मी वकिलासारखा युक्तिवाद करत बसायचो. टवका काढणं म्हणजे कापणं नव्हे. डांगर दुभंगलं ते भाऊंच्या हातून. आणि ज्या माणसाच्या हातगुणाला मी इतके दिवस शिव्या घातल्या, तो हातगुण खरा असावा, माझ्या घावावर मात करण्याइतका खरा असावा, अशी मी देवाजवळ प्रार्थना करायला लागलो. म्हणजे बघा माझी काय अवस्था झाली असेल.

शेवटी न राहवून एका संध्याकाळी मी बाजार समितीत गेलो. कापसाची आणि ज्वारीची आवक सुरू झाली होती, भाऊ काट्यापाशी उभे होते. मला बघून ते बाजूला आले. मी त्यांना सगळं सांगितलं, बायकोची शपथ, तिच्या आईचं म्हणणं, तिला दिवस असल्याचं. विचारताना माझीच मला लाज वाटली, पण विचारलं, भाऊ, टवका म्हणजे घाव का?

त्यांनी आपला मोठा तळहात माझ्या पाठीवर ठेवला.

"पहिला घाव मीच मारा, गुरुजी," ते म्हणाले. "बठ्ठी गल्लीनी देखं."

सगळ्या गल्लीने पाहिलं, एवढंच बोलून ते काट्याकडे परत गेले आणि पुढचं वजन पुकारायला लागले. मी घरी येताना हलका झालो होतो, आणि मला हलकं करणारा तोच माणूस असावा याचा रागही येत होता. दोन्ही एकाच वेळी होतं. अजून होतं.

सातव्या महिन्यात ती धुळ्याला माहेरी गेली. फाल्गुनात मुलगी झाली. मी पहिल्या एसटीने गेलो. दाईने बाहेर आणून दाखवली तेव्हा मी तिचे हात बघितले, पाय बघितले, बोटं मोजली, कानामागे बघितलं, मान वळवून पाठ बघितली. सासूबाई म्हणाल्या, काय शोधताय. मी म्हटलं, काही नाही. कुठेही काहीही नव्हतं. लालबुंद, रडकी, सगळी धड मुलगी. मी मागच्या गोठ्यात जाऊन रडून घेतलं.

वैशाखात मी दोघींना जळगावला घेऊन आलो. रिक्षा थांबली तशी गल्ली जमली. अक्काने भाकरतुकडा ओवाळून टाकला. बायको घरात शिरली नाही, आधी शेजारच्या ओट्याकडे वळली. भाऊ बाजारातून नुकतेच आलेले, सदऱ्यावर धान्याची धूळ. ते झटकून बसतात न बसतात तोच तिने मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली. सगळ्या गल्लीसमोर ती वाकून त्यांच्या पाया पडली.

"भाऊ, हाई पोर तुमना हातना गुण शे," ती म्हणाली.

मुलगी धुळ्यापासून रडत आली होती. पारोळ्याला उतरून मी तिला खांद्यावर घेऊन फिरवलं होतं, एरंडोलला गाणी म्हटली होती, ती थांबली नव्हती. भाऊंच्या मांडीवर ती गप्प झाली. बाया एकमेकींकडे बघून माना डोलवायला लागल्या. भाऊंनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा ओशाळला होता. माणूस खोटं श्रेय घेणारा नव्हता, त्यांचे ओठ हलले, आणि मला दिसलं की ते आता बोलणार. गंमत म्हणून बोलतील, हसत बोलतील, की अगं बाई, पहिला हात तर तुझ्या नवऱ्याचाच होता.

ते मला हवं होतं. त्या भादव्यापासून मी त्याच वाक्याची वाट बघत होतो, आणि ते सगळ्या गल्लीसमोर त्यांच्याच तोंडून येणार होतं. मुलगी धडधाकट होती, म्हणजे माझ्या हाताचाही निकाल लागला होता. पण बायको माझ्या बाजूलाच उभी होती. ते वाक्य तिने ऐकलं असतं तर त्या दिवसापासून ही पोर शिंकली तरी तिला तो चाकू दिसला असता. ताप आला की चाकू, पडली की चाकू, उद्या लग्न होऊन गेली तरी चाकू.

मी भाऊंकडे बघून मान हलवली. नाही. ते थांबले.

"तुमचाच हात, भाऊ," मी म्हणालो. मागच्या बाईलाही ऐकू जाईल असं, खणखणीत म्हणालो. इतकं जड वाक्य मी त्याआधी कधी उचललं नव्हतं.

मग पुढे झालो आणि मुलगी त्यांच्या मांडीवरून उचलून घेतली. ती लगेच रडायला लागली. रडू दे म्हटलं, आणि तिला घेऊन मी आमच्या घरात गेलो.